ट्रान्सपोर्ट नगरातलं बिनबोर्डाचं पेंटिंग गॅरेज आणि आमचा शक्तिमान ट्रक : ५ पैकी ४ स्टार

एक स्टार का कापला ते आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको. ड्रायव्हर साइडच्या दारावर टचअप केलेला एक पॅच आहे, तळहाताएवढा, संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की चमकतो आणि एकदा दिसला की मग तेवढाच दिसत राहतो. बाकी काम झकास. इंदूरात जुनी मिलिटरी गाडी रंगवायची असेल तर मी तरी दुसरीकडे पाठवणार नाही. गॅरेजला बोर्ड नाहीये, ट्रान्सपोर्ट नगरात मराठी पेंटरकाका म्हणून विचारत जायचं.

गाडी मामेभावाची. लिलावातून निघालेला शक्तिमान त्याने एका भंगारवाल्याकडून उचलला, सिमरोल रोडच्या शेतावर शो म्हणून उभा करायला (मामी अजून बोलत नाहीये त्याच्याशी). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ट्रक जर्मनीच्या मॅन कंपनीच्या लायसन्सवर १९५९ पासून आपल्याच जबलपूरला बनायला लागला, १९६९ ला तिथे व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली मग काम तिकडे गेलं, आणि नव्वदच्या दशकात स्टॅलियन वगैरे नवे मिलिटरी ट्रक आल्यावर हळूहळू मागे पडला. इंदूरजवळच्या महू छावणीत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना एबी (आग्रा-मुंबई) रोडवरचे मिलिटरी गाड्यांचे ताफे आठवत असतील, तोच हा.

आम्ही अर्थातच ऑलिव्ह ग्रीन मागितला. शेड नंबरसुद्धा पाठ करून गेलो होतो, आयएस ५ (रंगांच्या शेड्सची सरकारी यादी) मधला २२०. काका सरळ म्हणाले, "भिया, तो रंग मी मारत नाही, आर्मीशिवाय कोणालाच चालत नाही." घरी येऊन बघितलं तर खरंच, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम १२१ आहे, संरक्षण खात्याच्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. भाऊ म्हणे, "अहो काका, गाडी शेतावरच उभी राहणार, कोण बघतंय?" काका म्हणाले, "उद्या विकलीत तर रस्त्यावर येईलच ना, मग पुन्हा सगळी घासा." त्या बाबतीत हलले नाहीत आणि मला ते आवडलं, कारण आम्ही विचारलेल्या बाकी दोन गॅरेजांत पैसे द्या आणि रंग घ्या असाच हिशेब होता.

शेवटी लाइट स्टोन ठरला, ब्रिटिशांच्या वाळवंटातल्या गाड्यांचा तो फिकट पिवळसर वाळूचा शेड. यात काकांचं अजून एक गणित होतं. हा शेड पांढऱ्यात यलो ऑक्साईड घालून बसवता येतो, म्हणजे मूळ लोखंडाचाच पिवळा, आणि तो उन्हाला दाद देत नाही. स्वस्तातल्या हिरव्यात बरेचदा ऑरगॅनिक पिवळा असतो, तो आधी उडतो आणि मागे निळसर काळपट काहीतरी उरतं. जुन्या जीपा बघितल्यात ना एका पॅनेलवर हिरव्या आणि दुसऱ्यावर करड्या, त्यात हेही एक कारण असतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मिलिटरी गाडीचा रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचा, असतो आणि मॅट जात्याच लवकर विटतो, मग डबा कितीही महाग घ्या. मॅट करायचं म्हणजे रंगात पिगमेंट आणि सिलिकासारखी पावडर जास्त आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन कमी. वाळू जास्त नि सिमेंट कमी असलेलं प्लास्टर कसं हाताला सुटतं तसंच. मालव्याचं एप्रिल-मेचं ऊन वरचं रेझिन खातं, पावडर उघडी पडते, बोट फिरवलं की पांढरं लागतं. आपण म्हणतो रंग उडाला, पण बरेचदा रंग तिथेच असतो, वर खडूसारखा थर आलेला असतो. काकांनी आमच्याच ट्रकच्या जुन्या बॉनेटवर ओला फडका फिरवून दाखवला, खालचा हिरवा गडद दिसला आणि वाळल्यावर परत फिका. तेवढ्यात मला जे कळलं ते व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

म्हणून त्यांनी साधं सिंथेटिक इनॅमल नको सांगितलं आणि टू-के पीयू मॅट मारलं, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, घट्ट करणारं हार्डनर ऐनवेळी मिसळायचं, तेही अ‍ॅलिफॅटिक हार्डनर बघून, कारण अ‍ॅरोमॅटिकवालं उन्हात पिवळं पडतं. महाग आहे, वाद नाही. पण इतका खर्च करून खाली जुना सिंथेटिक तसाच ठेवला असता तर पीयूच्या थिनरने तो उठला असता, सुरकुत्या पडून सगळं वाया. त्यामुळे पूर्ण गाडी पत्र्यापर्यंत उतरवली. घासताना दाराच्या कडेला एकावर एक थर दिसत होते, हिरवा, त्याखाली वेगळा हिरवा, मग कुठेतरी रेड ऑक्साईड, मी फोटो काढत बसलो. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून पोरं पाणी मारत वॉटर पेपरने घासत होती, धूळ उडवत नव्हती, हे बघून बरं वाटलं. रंग मारतानाही स्प्रे गनवाल्याच्या तोंडाला हवेच्या पाइपवाला मास्क होता. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि आपल्याकडे निम्म्या ठिकाणी तोंडाला रुमाल बांधून काम चालू असतं.

गंज निघाला नेहमीच्याच जागी. केबिनचा फ्लोअर, दाराचा खालचा पट्टा, बॅटरी बॉक्स, पायरी. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड केला, लांबी (खड्डे भरायची पुटी) अगदी नावापुरती, त्यावर गंज रोखणारं झिंक फॉस्फेटवालं इपॉक्सी प्रायमर. यात वेळ खूप गेला आणि फोनवर प्रत्येक वेळी "बस दोन दिवस भिया". इंदूरी दोन दिवस, समजून घ्या.

आता त्या पॅचबद्दल. डिलिव्हरीच्या आधी दाराला शिडी घासली, पोराने तेवढ्याच जागी गन मारली. ग्लॉस असता तर पॉलिश मारून मिसळून गेलं असतं, मॅटला पॉलिश चालत नाही, अख्खं पॅनेलच परत मारावं लागतं, आणि हे काकांनीच आम्हाला आधी समजावलं होतं! सांगितल्यावर म्हणाले, पावसाळ्यानंतर आणा, पूर्ण दार मारून देतो, पैसे नको. देतीलही, पण गाडी परत ट्रेलरवर चढवून न्यायचं भाडं कोण देणार.

वापरणाऱ्यांसाठी, आता गाडी घरी आणल्यावर सल्ले देणारे येतात. भाऊचा एक मित्र म्हणाला डिझेलचा फडका मार, कोणी म्हणालं जवसाचं तेल. मारल्यावर दोन-चार दिवस रंग गडद आणि छान दिसतो हे खरं, पण मग तेलकट थरावर शेतातली काळी माती चिकटते आणि ती काही साध्या पाण्याने जात नाही. वॅक्सही नको, मॅटवर डाग डाग चमकतं. साधा सौम्य शाम्पू, मऊ फडका, रगडायचं नाही. रगडलं की ती जागा गुळगुळीत होऊन चमकायला लागते, आमच्या हँडलजवळ आत्ताच थोडं दिसतंय कारण येणारा प्रत्येक जण दार उघडून आत बसतो. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी भिजवून काढा. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका, आत ओल धरते, कॅनव्हास चालेल, आणि पत्र्याची शेड टाकता आली तर सगळ्यात उत्तम, शेडच्या पैशात पुढचं एक रंगकाम वाचतं.

रेट काका गाडी बघून सांगतात, फोनवर नाही. मटेरियलचं बिल वेगळं मागा, डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा, ते नाही म्हणत नाहीत. जून ते सप्टेंबर मॅटचं काम घेतच नाहीत, हवेत ओल असली की फिनिश पांढुरका होतो म्हणतात, त्यामुळे दिवाळीनंतरचा नंबर हवा असेल तर आत्ताच जाऊन नाव लिहून या. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, काका पोहे खाऊनच येतात.