पेरिसाइट इंजेक्शनांचा सल्ला: एका खासगी केंद्रातील अनुभव

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार आहे. जमिनीवरून उठताना तो हात आधी गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर टेकवत टेकवत उभा राहतो. पेरिसाइट, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पेशी, टोचून स्नायू पुन्हा उभारता येतात, असे कळल्यावरून ताई आणि मी गेल्या महिन्यात त्याला एका खासगी केंद्रात घेऊन गेलो.

तेथील फिजिओथेरपी उत्तम आहे. बाईंनी त्याचा घोटा हातात धरून पोटरीचा ताण किती वेळ आणि किती हलक्या हाताने द्यायचा, हे ताईकडून तीनदा करून घेतले.

पेशी-उपचाराची माहिती मात्र अर्धवट दिली जाते, आणि मी जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे ते मला फार खटकले. पत्रकावरचे चित्र बरोबर होते: केशवाहिनीला बाहेरून बिलगलेली पेरिसाइट. ती वाहिनीला आधार देते आणि शेजारच्या सॅटेलाइट पेशींना (स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या पेशींना) वाढीचे व विश्रांतीचे संकेतही देते. मानवी स्नायूतील पेरिसाइटपासून स्नायुतंतू घडू शकतात, हे 2007 मध्ये दाखवले गेले, हेही खरे. परंतु उंदरांवरील 2013 च्या कामात या पेशींचे दोन प्रकार आढळले, त्यांपैकी एकच स्नायू घडवतो आणि दुसऱ्यापासून चरबी तयार होऊ शकते, याचा पत्रकात उल्लेख नव्हता. त्याच कुळातल्या मेसोअँजिओब्लास्ट पेशी इटलीत डुशेनच्या पाच मुलांना धमनीतून दिल्या गेल्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, पण मुलांच्या हालचालींत ठोस सुधारणा दिसली नाही. ज्या घरात रोज आशेवर दिवस काढले जातात, तिथे ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

मी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारला. तो मिळाला नाही, आगाऊ रकमेचा अर्ज मात्र लगेच पुढे आला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात मूलपेशी, म्हणजे पेरिसाइटसारख्या इतर पेशी घडवू शकणाऱ्या पेशी, केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि मान्यताप्राप्त चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य नाही.

आम्ही अर्ज भरला नाही. व्यायामासाठी दर शनिवारी तिथेच जातो. इंजेक्शनांसाठी कोणी जाणार असेल, तर त्याने आधी नोंदणी क्रमांक लेखी मागावा.