गॅरेजपर्यंत पीओई: सात महिन्यांनंतरचा अनुभव (मे महिन्यातला एक स्टार मागे घेतोय)

मे महिन्यात या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणारा डबा; त्याला वीजही नेटच्याच केबलमधून जाते, तेच पीओई) एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. तो अन्याय होता. आता चार. पाचवा कापलाय तो सोबत येणाऱ्या २४ व्होल्टच्या इंजेक्टरसाठी (नेटच्या केबलमध्ये वीज सोडणारा ॲडॉप्टर), आणि तो काही परत मिळायचा नाही.

मांडणी थोडक्यात. इंदूर, सुदामा नगर. गॅरेज मागच्या गल्लीत, राउटरपासून केबलच्या वाटेने ४५ मीटर. मध्ये नऊ इंची दोन भिंती, वर पत्रा, पुढे लोखंडी शटर. शटर पाडलं की घरातलं वायफाय संपलं. रिपीटरच्या वाटेला जाऊ नका: तोच रेडिओ घ्यायचा आणि द्यायचा, त्यात वेग निम्मा होतो. ॲक्सेस पॉइंट बाहेर लावायचा, पाणी-धूळ सोसणारा. २४ व्होल्टचं पॅसिव्ह पीओई (न विचारता थेट वीज सोडणारं) आणि ४८ व्होल्टचं ८०२.३एएफ (मानकाप्रमाणे चालणारं पीओई, पुढे नुसतं ‘एएफ’), दोन्ही चालतात. बाकी स्पेक्स तुम्हाला ठाऊक असतीलच.

मार्च-एप्रिल बिनतक्रार गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून डबा रोज दुपारी १ ते ५ मध्ये आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला, आणि तोही नेमका मोठं डाउनलोड चालू असताना. रात्री एकदम शहाणा. पत्र्यावर तापतोय असं वाटणं साहजिक होतं, म्हणून पत्र्यावरून काढून उत्तरेच्या भिंतीवर सावलीत लावला. फरक शून्य. सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तर: फर्मवेअर अपडेट करा, रीसेट करा. तीन खेपांनंतर डबा बदलून दिला. नवा डबाही दुपारी दीडला बसला! तेव्हा कुठे मल्टिमीटर बाहेर निघाला.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. गॅरेजच्या टोकाला केबल काढून ४-५ आणि ७-८ या पिनांवर व्होल्टेज मोजलं तर बरोबर २४ दाखवतं. दाखवणारच, भार नसताना प्रवाह वाहत नाही, मग घट कुठून येणार? डबा चालू असताना मोजायला हवं. एका कपलरमध्ये (दोन केबल जोडणारा तुकडा) वीतभर केबल घालून निळ्या आणि तपकिरी जोडीचं थोडं आवरण सोलून घ्या, ती मध्ये जोडा आणि वर मोठं डाउनलोड लावा. रात्री जेमतेम १८.७ व्होल्ट मिळाले, दुपारी तीनला १७.५. (एएफ इंजेक्टरवर उलटा गोंधळ होतो. तो आधी समोर २५ किलोओहमची खूण शोधतो. ती सापडेपर्यंत पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही. नुसता मीटर लावून ‘मेला’ म्हणू नका.)

हिशोब असा. डबा भाराखाली साधारण १०.५ वॅट खातो. २४ व्होल्टवर म्हणजे अर्ध्या अँपियरच्या आसपास, आणि व्होल्टेज उतरलं की तेवढेच वॅट मिळवायला तो आणखी प्रवाह ओढतो, त्याने घट आणखी वाढते. घसरगुंडीच म्हणा. २४ गेजची खऱ्या तांब्याची तार ४५ मीटरला जाऊन-येऊन पावणेचार ओहम देते; घट दोन व्होल्टच्या आत. इथली केबल ‘कॅट ६’ म्हणून घेतलेली, पण निघाली तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, तीही २६ गेजसारखी बारीक. तिचा हिशोब साडेनऊ ओहमपर्यंत जातो. उन्हात तापलेला पाइप ६० अंशांवर गेला की रोध आणखी १४-१५ टक्के वाढतो. रात्री काठावर उभा असलेला डबा दुपारी पडत होता तो एवढ्यासाठी. तापत डबा नव्हता, तापत होती गच्चीवरची केबल.

तरीही केबल बदलायची नाही, असाच बेत होता. पाइप ठोकून झाला होता, मजुरी गेली होती. म्हणून आधी ४८ व्होल्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) एएफ इंजेक्टर घेतला. व्होल्टेज दुप्पट म्हणजे प्रवाह निम्म्याहून कमी. त्याच टुकार केबलवर घट अडीच व्होल्ट. एएफ डबा ३७ व्होल्टपर्यंत खाली चालायला हवा, इथे ४५ मिळत होते. रीस्टार्ट त्याच दिवशी बंद. जूनमध्ये इथे ‘केबलला दोष देऊ नका, इंजेक्टर बदला’ असं लिहिलं होतं. तेही मागे घेतोय.

जुलैच्या पावसात स्पीड टेस्ट ९४ एमबीपीएसवर येऊन बसली. प्लॅन २०० चा. हा ९४ आकडा ओळखीचा करून ठेवा: नेट मंद असलं तर आकडा वरखाली होतो, ९४ ला खिळला तर लिंक १००० वरून १०० वर उतरलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात (१-२ आणि ३-६). जॅक कापून पाहिला तर तपकिरी जोडीतली एक तार पिनेखाली तुटलेली, टोकाला पांढरट भुकटी. दुसऱ्या तारेवरून वीज जात राहिली, म्हणून दिवा हिरवा आणि तक्रार करायला जागा नाही. ॲल्युमिनियम पिनेच्या दाबाखाली दबतं, ओलीत गंजतं, दोनदा वाकवलं की तुटतं. नवा जॅक दाबून बसवला (क्रिंप केला), तीन आठवड्यांत पुन्हा ९४.

केबल घेताना ओळखायची कशी? चुंबक उपयोगाचा नाही, तो तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली की ठेवून द्या. लायटरच्या ज्योतीत तांबं लाल होऊन तसंच राहतं, ॲल्युमिनियम लोंबतं. आवरणावर २३ किंवा २४ एडब्ल्यूजी (म्हणजे गेज) छापलेलं हवं. आकडा मोठा तितकी तार बारीक. मानकाप्रमाणे कॅट ६ मध्ये तार सबंध तांब्याचीच हवी, पण छापायला शाई किती लागते? आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटर दुकानांत ‘प्युअर कॉपर, आउटडोअर’ असं मागितलं तर मिळते. मोजून देण्याआधी टोक सोलून दाखवा म्हणायला लाजू नका.

दुसऱ्यांदा टाकताना काळ्या आवरणाची आउटडोअर केबल घेतली. करडं पीव्हीसी इंदूरच्या दोन उन्हाळ्यांत तडकतं. २५ मिलिमीटरचा पाइप, विजेच्या वायरिंगपासून वीतभर लांब. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत उतरणार नाही. डब्याच्या तळातलं रबरी ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) आधी केबलवर ओवा, मग क्रिंप करा. उलट केलंत तर जॅक त्यातून जात नाही आणि नवा जॅक वाया. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच, ५६८बी. पाइपमधून दुसरी केबल आताच ओढून ठेवा. आणि गॅरेजला मीटर आणि अर्थिंग वेगळं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका, विजांच्या मोसमात दोन अर्थिंगमधला फरक पोर्ट जाळतो. तिथे मात्र पीओई विसरा, डब्याला वीज गॅरेजमधूनच द्यावी लागेल.

सेटिंगमध्ये सांगण्यासारखं फारसं नाही: नाव आणि पासवर्ड घरातलाच, चॅनल वेगळा (घरी १, गॅरेजला ११), डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणं) फक्त राउटरवर.

अनपेक्षित आनंद एकच, पण मोठा. इंजेक्टर राउटरशेजारी, इन्व्हर्टरच्या प्लगवर. लाइट गेली तरी गॅरेजचं वायफाय चालू, तिथे वेगळा इन्व्हर्टर न नेता. गॅरेजचा कॅमेरा मात्र तिथल्याच प्लगवर असल्यामुळे लाइटबरोबर मरतो. म्हणजे नेट आहे, पाहायला काही नाही. ती दुसरी केबल त्याच्यासाठीच, पीओई कॅमेऱ्याला.

खर्च: पहिली केबल १४ रुपये मीटरने ६३०, दुसरी ३८ ने १७१०. वाचवले १०८०. त्यापायी दुसऱ्यांदा मजुरी ८००, जॅक आणि टोप्या १५०, सर्व्हिस सेंटरच्या तीन खेपांचं पेट्रोल वेगळं, आणि ६३० चं पाणी झालं ते वेगळंच. दुकानदाराने ‘कापलेली केबल परत घेत नाही’ म्हणत शेवटपर्यंत ती तांब्याचीच असल्याचं सांगितलं. उतरवलेली गुंडाळी भंगारवाल्याने हातात तोलली, टोक दातात धरून सोललं आणि म्हणाला, ‘ये तो सिल्वर है, साहब,’ आणि ॲल्युमिनियमचा भाव लावला.