स्टॉपएनसीआयआय: फोटो व्हायरल करायची धमकी आली असेल तर ही साईट वापरा

मैत्रिणीचा एक्स तुझे प्रायव्हेट फोटो टाकतो म्हणून धमक्या देत होता, ती पार हादरलेली, तेव्हा आम्ही दोघींनी बसून ही साईट वापरली. २०२१ पासून चालू आहे, पूर्ण फुकट. सगळ्यात भारी म्हणजे फोटो कोणाला पाठवायलाच लागत नाही, तो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त कोड म्हणजे हॅश बनतो आणि तोच फेसबुक, इन्स्टा, टिकटॉक वगैरेंकडे जातो, मग कोणी तोच फोटो टाकायला गेलं की तिथे पकडता येतो. शेवटी केस नंबर आणि पिन येतो, लगेच लिहून ठेवा, पुढे तेच लागतं.

पण फोटो आपल्याकडे असला तरच हे जमतं. चोरून काढलेला असेल आणि तुमच्याकडे कॉपीच नसेल तर हॅश कशाचा बनवणार? हे मला फार खटकलं, कारण कितीतरी मुलींचं नेमकं तसंच होतं. व्हॉट्सॲपवर पर्सनली फिरणारंही याने थांबत नाही, त्यासाठी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका, तिथे महिलांसाठी नाव न देता तक्रारीची सोय आहे. १८ च्या खालच्या मुलींसाठी टेक इट डाऊन ही वेगळी साईट आहे.