कोंबड्यांना लागू पडले, माशांना नाही : एका जीवनसत्त्व मिश्रणाचा वर्षभराचा अनुभव

तासगाव तालुक्यातील आमच्या मळ्यावर अंड्यांच्या ६०० कोंबड्यांचे शेड आहे आणि द्राक्षबागेसाठी खोदलेल्या, प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यात आम्ही रोहू व कटला सोडतो. ‘कुक्कुट व मत्स्यपालनासाठी’ असे छापलेले ए, डी३, ई, सी आणि बी गटाचे एक द्रव मिश्रण मी सांगलीहून आणून वर्षभर दोन्हीकडे वापरले. कोंबड्यांसाठी ते जरूर घ्यावे, माशांसाठी मात्र घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४० अंशांच्या आसपास जातो. दुपारी शेडमध्ये शिरले की पक्षी चोची उघडून, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकत असतात, खाद्याला तोंड लावत नाहीत आणि थोड्याच दिवसांत अंड्याचे कवच इतके पातळ होते की ट्रेमध्ये ठेवताना बोटाखाली दबते. उन्हाने बेजार झालेला पक्षी खाणे सोडतो, पाणी सोडत नाही. म्हणून अशा दिवसांत पाण्यातून दिलेली जीवनसत्त्वे त्याच्या पोटात जातात. मी सकाळी तासभर पाणी बंद ठेवून नंतर दोन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात मिश्रण देत असे आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचा दिवस वगळत असे, कारण क्लोरीनमुळे जीवनसत्त्वे नष्ट होतात. तीन आठवड्यांत फुटकी अंडी बरीच कमी झाली. अर्थात त्याच काळात मी शिंपल्याची भरडही वाढवली होती, त्यामुळे सगळे श्रेय बाटलीला देणे योग्य होणार नाही. डी३ कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते, पण ते कॅल्शियम आधी खाद्यात असावे लागते.

एक सावधगिरी मात्र लेबलवर ठळक छापायलाच हवी होती. पावसाळ्यात शेडमध्ये रक्ती हगवण आली, तेव्हा एका दुकानदाराने त्यावरचे औषध अँप्रोलियम आणि हेच मिश्रण एकत्र द्यायला सांगितले. अँप्रोलियम हे बी१ जीवनसत्त्वाची जागा अडवूनच रोगजंतूला मारते; सोबत बी१ दिले की औषधाचा जोर कमी होतो. पशुवैद्यकांनी हे समजावेपर्यंत आमचे तीन दिवस वाया गेले आणि पक्षीही दगावले.

माशांच्या बाबतीत माझी निराशा झाली. कोंबडी स्वतःच्या शरीरात क (म्हणजे सी) जीवनसत्त्व तयार करते, रोहू-कटल्याला ते तयार करता येत नाही. मातीच्या तळ्यात शेवाळ आणि प्लवंगांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) त्यांची बरीच गरज भागते. कागद अंथरलेल्या तळ्यात ही नैसर्गिक शिदोरी तुटपुंजी असल्याने मासा आपण टाकलेल्या दाण्यांवरच जगतो. या मिश्रणातील क जीवनसत्त्व साध्या स्वरूपाचे आहे. दाण्यांवर शिंपडून टाकले की मासा तोंड लावेपर्यंत त्यातले बरेचसे पाण्यात विरघळून जाते आणि मिसळलेले खाद्य साठवले तर हवेने व उष्णतेने ते आणखी घटते. जाळे ओढले तेव्हा काही बोटुकल्यांचा (बोटाएवढ्या पिल्लांचा) कणा शेपटीकडे वाकलेला दिसला. एक हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवले, तर मणक्यांचा बाक स्पष्ट लागत होता. पुढच्या बोटुकल्यांना फॉस्फेट स्वरूपातील टिकाऊ क जीवनसत्त्वाची पावडर, वरून थोडे तेल चोळून, दाण्यांना लावून दिली. त्या खेपेस असा मासा आढळला नाही. आधी वाकलेले मासे मात्र शेवटपर्यंत तसेच राहिले.

लिटरची बाटली मला ७२० रुपयांना पडली. एवढ्या कोंबड्यांसाठी हा दर परवडतो. घेताना उत्पादनाची तारीख पाहावीच, शिवाय बाटली ठेवली कुठे होती हेही पाहावे. दर्शनी काचेच्या कपाटात, थेट उन्हात उभी असलेली बाटली मी घेत नाही. आतल्या खोलीतील बंद खोक्यातली मागून घेतो.