जांघेतला गजकर्ण: साधं मलम, मिश्र मलम की गोळ्या?

लोकलच्या गर्दीत घामेजलेली पँट आणि दांडीवर दोन दिवस ओलसर राहिलेली चड्डी. पावसाळ्यातल्या मुंबईत जांघेत गजकर्ण व्हायला एवढं पुरतं. लालसर, किंचित उंच, खवले सुटलेली कडा आणि मधे फिकट कातडी दिसली, की बहुतेक तोच. अंडकोषाची कातडीही लाल असेल आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या असतील, तर वेगळी बुरशी असू शकते. तेव्हा साखरही तपासून घ्या.

केमिस्टकडे ट्यूब घेताना खोक्यामागची बारीक अक्षरं वाचाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन दिसलं, तर ती स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब, म्हणजेच मिश्र मलम आहे. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून हीच जास्त आवडते, पण सूज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळ उमटतं, डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. महिनोन्‌महिने लावली तर मांडीवर कायमचे पांढरे चरे पडतात. ही घेऊच नका.

साध्या मलमांत क्लोट्रिमाझोल 1% स्वस्त, पण दिवसातून दोनदा लावावं लागतं. ल्युलिकोनाझोल 1% महाग, पण एकदाच. दुसऱ्या वेळेला लावायचं विसरणाऱ्याने ल्युलिकोनाझोलच घ्यावं. दोन्ही फसतात ती एकाच कारणाने: खाज गेली की ट्यूब कपाटात जाते. कातडी स्वच्छ दिसल्यावरही दोन आठवडे लावा. जागा पुसून पूर्ण कोरडी करा आणि कडेच्या बाहेर 2 सेंटिमीटरपासून आत या. तर्जनीच्या एका पेराएवढं मलम दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं.

कमरेवर, ढुंगणावर पसरलं, परत परत आलं, मिश्र मलम लावून झालं किंवा घरात आणखी कुणाला असेल, तर गोळ्यांचा विचार त्वचारोगतज्ज्ञानेच करायचा. मुंबईत केईएम, नायर, सायन रुग्णालयांच्या ओपीडीतही दाखवता येतं. आपल्याकडच्या बुरशीवर टर्बिनाफिन ही गोळी आता अनेकदा चालत नाही, म्हणून बऱ्याचदा इट्राकोनाझोल हे दुसरं औषध देतात. त्याची कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची, अँटासिडसोबत नाही. हृदय कमकुवत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर आधीच सांगा.

पावडर उपचार नाही, फार तर बरं झाल्यावर कोरडं ठेवायला. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्याही बऱ्या करा आणि चड्डीआधी मोजे घाला, नाहीतर बुरशी पायावरून वर येते. टॉवेल वेगळा ठेवा. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुऊन उलटे वाळवा. ऊन नसेल तेव्हा शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा.