फ्लटर आणि फायरबेस: दोघांच्या टीमला पुरतंय का? सोलापुरातून चार महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, आम्ही दोघंच. मी कोड लिहितो, पार्टनर डिझाईन बघतो आणि लोकांकडं जाऊन त्यांचं डोकं खातो. ऑफिस म्हणजे अक्कलकोट रोडला त्याच्या घरच्या लूमच्या वरची खोली, खाली दिवसभर खटखट, फोन आला की जिन्यात पळायचं. चार महिन्यांत तीन छोटी ॲप काढली, तिन्ही फ्लटरमध्ये (ॲप लिहायचं गूगलचं टूलकिट), मागं फायरबेस (डेटा ठेवायला, नोटिफिकेशन पाठवायला गूगलचीच तयार सेवा).

पहिलं ॲप पाण्याचं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, नळाला रोज पाणी नसतं आणि ज्या दिवशी असतं त्या दिवशी किती वाजता सुटेल ते चावीवाल्यालाच ठाऊक. ॲपमध्ये एवढंच, पाणी सुटलं की गल्लीतल्या एकानं बटण दाबायचं, बाकीच्यांनी उघडून बघायचं. शनिवारी सकाळी बसलो, सोमवारी रात्री आमच्या फोनवर चालत होतं. यात आमची हुशारी कमी आणि फ्लटरचं हॉट रीलोड जास्त, कोडमध्ये बदल केला की दोनेक सेकंदात समोरच्या फोनवर दिसतो, त्यामुळं पार्टनर शेजारी बसून "बटण मोठं कर बे, आईला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे" म्हणायचा आणि तिथल्या तिथं काम व्हायचं. त्याच्या आईनं बघितलं आणि पहिलं विचारलं, तेलुगूत का नाही? बरोबरच की, पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात. फ्लटरमध्ये शब्दांची फाईल भाषेगणिक वेगळी ठेवता येते, काकूंनी सांगितले ते १८ शब्द टाकले, जेवायच्या आत ॲप तेलुगूत.

आता प्ले स्टोअर. २५ डॉलर एकदाच भरायचे, ते ठीक. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं पर्सनल डेव्हलपर अकाउंट असेल तर ॲप सगळ्यांना खुलं करायच्या आधी क्लोज्ड टेस्ट करावी लागते, म्हणजे ठरावीक माणसांनाच ॲप देऊन बघायचं, किमान १२ जण सलग १४ दिवस (डिसेंबर २०२४ च्या आधी तर २० लागायचे). तीन दिवसांत लिहिलेलं ॲप आणि पुढं पाहुण्यांच्या मागं लागण्यात महिना. मोजून १२ जण धरले होते, अकराव्या दिवशी मामांनी कायतरी दाबलं आणि टेस्टमधून बाहेर, आकडा ११, परत एकपासून मोजायचं. १६-१७ जण घ्या, आणि मामांना घेऊ नका.

फायरबेसच्या फुकट प्लॅनमध्ये फायरस्टोअरला (फायरबेसचा डेटाबेस) दिवसाला ५० हजार रीड मिळतात, एक नोंद वाचली की एक रीड. ऐकायला लै वाटतं. मी केलेला शहाणपणा असा, की ॲप उघडलं की सगळ्या गल्ल्यांच्या सगळ्या जुन्या नोंदी यायच्या, २६० नोंदी म्हणजे २६० रीड, ७० माणसं आणि प्रत्येकानं तीनदा उघडलं की झाले ५४ हजार. एक दिवस ऐन पहाटे, पाणी सुटायच्या टायमाला ॲप कोरं! आणि कोटा रिसेट होतो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेबारा नाहीतर दीड, तोवर पार्टनरला गल्लीत तोंड दाखवता येईना. मग आपल्या गल्लीची शेवटची एकच नोंद आणायची अशी एक ओळ बदलली, एका उघडण्याला एक रीड. चूक आमचीच होती.

नोटिफिकेशन पाठवायला पैसे नाहीत, पण एकानं बटण दाबलं की दुसऱ्याला आपोआप जावं यासाठी क्लाउड फंक्शन (गूगलच्या सर्व्हरवर आपोआप चालणारा छोटा कोड) लागतं, त्याला ब्लेझ प्लॅन (वापराल तेवढं बिल) घेऊन कार्ड जोडावं लागतं. रोजचा फुकट कोटा तिथंही राहतो, फंक्शनचे महिन्याला २० लाख कॉल फुकट, आमचं बिल अजून शून्य. फक्त एक ध्यानात ठेवा, बजेट अलर्ट (आपण ठरवलेल्या रकमेपर्यंत खर्च गेला की येणारा इशारा) नुसता मेल करतो, खर्च थांबवत नाही. कार्ड पार्टनरच्या वडलांचं आहे, त्यामुळं रोज रात्री झोपायच्या आधी मी आकडा बघतो.

भिशीचं आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या हिशोबाचं ॲप याच साच्यावर निघालं, प्रत्येकी आठवडाभरात, त्यात सांगण्यासारखं कायी नाही.

पाचपैकी चार स्टार. अर्धा बजेट अलर्टसाठी कापला, अर्धा त्या १४ दिवसांसाठी. परवा चावीवाल्याचाच फोन आला, त्याच्या घरचं पाणी दुसरा कोणतरी सोडतो, आमची पण गल्ली टाका म्हणाला. टाकली.