कोपर्निकस ब्राउझर: घाणेरी शोधायला कामाचा आहे का?

साडेतीन स्टार, त्यातला अर्धा फुकट आहे म्हणून. चोरल, तिंछाकडे फिरणाऱ्या इंदूरच्या मंडळींना सांगायला नकोच की घाणेरी, म्हणजे इथे सगळे लेंटानाच म्हणतात ती, किती माजलीये. पायवाटा गिळते, खाली गवत येऊ देत नाही, मग चितळांनी खायचं काय. एवढ्या जंगलात पायी फिरून ती शोधायची म्हणजे जन्म जाईल, म्हणून ही युरोपवाल्यांची सॅटेलाइट चित्रांची साइट वापरून पाहिली.

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं साधारण दर ५ दिवसांनी नवीन येतात, २०१५ पासूनचा साठा आहे, इन्स्टॉल करायची भानगड नाही. युक्ती अशी की आपलं जंगल सागाचं, मार्चपर्यंत साग उघडाबोडका होतो आणि खालची घाणेरी जिथे ओल आहे तिथे हिरवीच असते, मग डिसेंबरचं आणि मार्चचं चित्र साइटवरच्या कम्पेअरमधे, म्हणजे दोन चित्रं एकावर एक ठेवून बघायच्या सोयीत लावा, मधली रेघ इकडे-तिकडे सरकवा, फॉल्स कलर म्हणजे खोट्या रंगांच्या चित्रात मार्चातही जे लालभडक दिसतंय ते संशयित. हिरवं पान आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड भरपूर परत फेकतं, तोच इथे लाल करून दाखवतात.

पण भिया, संशयितच हं! नाल्याकाठचे जांभूळ, करंज, अर्जुन पण तेव्हा बरेचसे हिरवे, आणि चित्रात सगळे एका रंगाचे. त्यात एक ठिपका म्हणजे १० बाय १० मीटर, अख्खा टू-बीएचके झाला की तो, वाटेकडेचं एकटं झुडूप विसराच. उताराच्या कोरड्या जागी कडक उन्हात घाणेरीही पानं गाळते, म्हणून मेचं चित्र घेऊन उपयोग नाही. पावसाळ्यात तर नुसते ढग. थोडक्यात कुठे जाऊन बघायचं ते कळतं, तिथे काय आहे ते जाऊनच बघावं लागतं.

मला जास्त आवडला तो नंतरचा उपयोग. ही बया नुसती छाटली की जोमाने फुटते, जिथून फुटवे येतात त्या जागेच्या खाली, जमिनीत मूळ तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं, तेही फळं पिकायच्या आत, नाहीतर पक्षी बिया पसरवतात. हे काम वनविभागाचं, आपण कुदळ घेऊन घुसायचं नाही. पण साफ केलेला मोठा पट्टा पुढच्या मार्चला परत लाल दिसतोय का, हे घरी बसून कोणीही तपासू शकतं. फक्त लॅपटॉपवर उघडा, मोबाईलवर ती रेघ सरकवताना डोकं फिरतं.